जनावर किती जवळून पाहावं? सातपुडा आणि तापीकाठच्या काही भेटी

सर, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुमची भाची अमेरिकेत सॅन दिएगोला असते. तिने तिथल्या ला होयाच्या किनाऱ्यावरच्या सी लायनचा, म्हणजे समुद्रसिंहांचा व्हिडिओ पाठवला. खडकावर आडवेतिडवे पसरलेले, माणसं शेजारून चालली तरी ढिम्म न हलणारे. तुम्ही तो अमळनेरला आठवीच्या वर्गात दाखवला आणि पोरांनी विचारलं, आपल्याकडे असं जवळून काय दिसतं? तेच तुम्ही मला विचारलंत. शिवाय माझ्या लक्षात राहिलेल्या भेटी कोणत्या, आणि दिवाळीच्या सुट्टीत पोरांना कुठे न्यायचं, हेही.

पोरांना सरळ सांगा: दहा पावलांवरून आपल्याकडे काहीच दिसत नाही, आणि दिसलंच तर ती पाहत बसायची वेळ नसते. पण असं का, हे सांगण्यासारखं आहे, आणि त्यासाठी आधी सी लायनकडेच जावं लागेल.

व्हिडिओत तो आळशी दिसतो. प्रत्यक्षात कॅलिफोर्नियाच्या सी लायनचा मोठा नर तीनशे किलोच्या पुढे जातो. त्याला बाहेरून दिसणारे छोटे कान असतात, आणि मागचे वल्ह्यासारखे पाय तो पोटाखाली पुढे वळवू शकतो. त्यामुळे सीलसारखं पोटावर सरपटत न जाता तो चक्क चार पायांवर धावतो, तेही निसरड्या खडकावरून, जिथे आपला पाय हमखास घसरतो. चावला तर जखम खोल होते आणि चिघळते. २०२५ च्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियात समुद्रात विषारी शेवाळ माजलं होतं. ते शेवाळ खाल्लेले छोटे मासे सी लायननी खाल्ले, विष त्यांच्या मेंदूपर्यंत गेलं आणि एरवी सुस्त पडून असणारी जनावरं पोहणाऱ्यांच्या अंगावर गेली. ला होयाला तर माणसं पिलांसोबत सेल्फी काढायला इतकी पुढे जाऊ लागली की किनाऱ्याचा एक भाग लोकांसाठी बंद करावा लागला. भाचीला हे माहीत असेलच. तिने व्हिडिओ झूम करून काढला असेल अशी आशा करू.

मग तो माणसाला बुजत का नाही? गालापागोस बेटांवरच्या सी लायनचं उत्तर सोपं आहे. त्या बेटांवर जमिनीवरचा मोठा शिकारी प्राणी कधी नव्हताच, त्यामुळे पळायची गरजच पडली नाही. तिथेही पर्यटकाला दोन मीटर अंतर ठेवावं लागतं. जनावर स्वतःहून जवळ आलं तरी मागे सरकायचं ते माणसानेच. कॅलिफोर्नियाची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथले सी लायन भोळे नव्हते. तेलासाठी आणि कातडीसाठी त्यांना वर्षानुवर्षं गोळ्या घातल्या गेल्या. १९७२ साली अमेरिकेत समुद्री सस्तन प्राण्यांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि त्यांची संख्या अडीच लाखांच्या वर गेली. १९८९ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोला मोठा भूकंप झाला, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात हे प्राणी भर शहरातल्या पिअर ३९ या धक्क्यावर, होड्या बांधायच्या फळ्यांवर येऊन बसले. होडीवाल्यांनी तक्रारी केल्या; शेवटी जागा सी लायनना मिळाली आणि होड्या हलल्या. ज्यांच्या आज्या-आजोबांना माणसांनी टिपलं, ती नातवंडं माणसांच्या गर्दीसमोर जांभया देत पडलीत. म्हणजे भीती जाऊ शकते. पण त्याला गोळ्या थांबून काही पिढ्या जाव्या लागतात.

आता खान्देशचा हिशेब बघा. चाळीसगावजवळच्या अभयारण्याचं सरकारी नाव गौताळा औट्रमघाट. हा औट्रम म्हणजे जेम्स औट्रम, १८२५ पासून दहा वर्षं खान्देशात भिल्लांची पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी. त्या काळात त्याने आणि त्याच्या साथीदारांनी दोनशेच्या वर वाघ मारल्याची नोंद आहे. एका अधिकाऱ्याची दहा वर्षं. आणि आज जिथे जनावरं राखायची म्हणतो त्या जंगलाच्या पाटीवर त्याचंच नाव. मला याचा राग येत नाही, गंमत वाटते. पण आपल्याकडची जनावरं माणसाचा वास आला की आडोशाला का जातात, हे त्या पाटीवरून नीट कळतं. औट्रमनंतर संस्थानिक आले, मग जीपवरून हेडलाइट मारून शिकार करणारे आले, मग फासे आणि गावठी बंदुका. आपल्याकडे जगलं वाचलं ते बुजरंच.

म्हणून मी अंतर मीटरमध्ये मोजत नाही. मी एवढंच बघतो की मी यायच्या आधी जनावर जे करत होतं तेच करतंय का. चरत होतं तर चरतंय, उकरत होतं तर उकरतंय, झोपलं होतं तर झोपलंय, म्हणजे ठीक. काम सोडून मान वर केली, कान माझ्याकडे फिरले, चघळणं थांबलं, की मी जास्त पुढे आलोय. तिथे थांबायचं. पुन्हा चघळायला लागलं तर बसून राहायचं, नाही तर आल्या पावली मागे. लक्षात राहिलेल्या भेटी म्हणून तुम्हाला ज्या सांगणार आहे, त्यात अंतर कुठे दीडशे पावलं आहे तर कुठे वीस. एका भेटीला तर मी हजरही नव्हतो.

पहिली रानपिंगळ्याची. खान्देशात राहून ज्याने रानपिंगळ्याचं नाव ऐकलं नाही त्याच्याशी मी भांडतो, कारण हे छोटं घुबड जगाला पुन्हा सापडलं ते आपल्या शहाद्याजवळ. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. खान्देशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसनने १८८४ पर्यंत काही नमुने मारून गोळा केले, आणि त्यानंतर हा पक्षी कुणाला दिसलाच नाही. मधे एक लबाडी झाली. रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरला, पेंढा नव्याने भरला आणि त्यावर १९१४ सालची, गुजरातेतल्या मांडवीची चिठ्ठी लावली. लोक इतकी वर्षं तिथे शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी ती चोरी उघडी पाडली, खऱ्या नमुन्यांच्या जागा काढल्या, आणि बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत त्या सातपुड्याच्या पायथ्याला आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी पक्षी समोरच्या निष्पर्ण झाडावर बसलेला होता. ११३ वर्षं हरवलेला आणि भर उन्हात बसलेला!

तो तसाच बसतो, हीच त्याची खूण. आपल्या गावातला साधा पिंगळा डोक्यावर ठिपके घेऊन संध्याकाळी निघतो. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, छाती गडद तपकिरी, पोट पांढरंशुभ्र, पाय जाडजूड आणि पिसांनी झाकलेले, आणि फिरतो दिवसा. फेब्रुवारीत सागाची पानं गळाली की शोधणं सोपं जातं. जागा सांगत नाही, कारण कॅमेरेवाल्यांची झुंबड उडते आणि मोबाइलवर आवाज वाजवून वाजवून पक्ष्याला वेड लावतात.

आम्ही दोघं होतो, मी आणि एक पावरा आदिवासी मित्र. सागाच्या वाळक्या पानांवर बसायचं म्हणजे प्रत्येक हालचालीचा कडकडाट. आम्ही बसलो तेव्हा पिंगळा शेंड्याच्या काडीवर होता आणि त्याने मान गर्रकन फिरवून आमच्याकडे रोखून पाहिलं. शेपटी डावीउजवीकडे झटकत होता, म्हणजे पसंत नव्हतं. आम्ही गप्प. मित्राच्या पायावर मुंगळा चढला तरी त्याने पाय हलवला नाही. बऱ्याच वेळाने शेपटी थांबली. मग त्याने आमच्यावरची नजर काढून खाली जमिनीकडे लावली, आणि मला कळलं की आता आम्ही त्याच्या हिशेबातून गेलो. थोड्या वेळाने तो दगडासारखा खाली पडला. पानांत झटापट झाली, आणि वर आला तेव्हा पंज्यात सापसुरळी होती. आमच्यापासून वीसेक पावलांवरच्या खुंटावर बसून, एका पायाने दाबून धरून त्याने ती डोक्याकडून खायला सुरुवात केली. शेपूट तुटून खाली पडली होती. ती अजून वळवळत होती. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सोडून दिली. मला फोटो काढायचा होता, पण शटरच्या आवाजाला त्याने मान वर केली असती. म्हणून फोटो नाही.

दुसरी अस्वलाची, धडगावकडच्या डोंगरात, मोहाच्या दिवसांत. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्री गळतात आणि पहाटे वेचावी लागतात. बायामाणसं टोपल्या घेऊन अंधारातच निघतात, आणि अस्वलही त्याच झाडाखाली त्याच फुलांसाठी आलेलं असतं. सातपुड्यात अस्वलाचे हल्ले होतात त्यातले बरेच असे, दोघंही खाली मान घालून वेचत असताना समोरासमोर आल्यामुळे. अस्वलाला नीट दिसत नाही, खाण्यात गुंतलं की ऐकूही कमी येतं. ते दचकतं आणि दचकलं की पळायच्या आधी हल्ला करतं. बिबट्या शंभर वेळा टाळेल. अस्वलाचा भरवसा नाही. जंगलात मला कशाची भीती वाटते असं विचाराल तर मी वाघाचं नाव घेणार नाही.

त्या दिवशी उजाडलेलं होतं आणि आम्ही परत निघालो होतो. नाल्याच्या पलीकडून आवाज आला, ट्रकच्या टायरमधली हवा कुणी थांबत थांबत सोडावी तसा. सोबतच्या म्हाताऱ्या काकांनी टोपली खाली ठेवली आणि बोटाने बसायची खूण केली. अस्वल वारूळ फोडत होतं. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीला ओठांची नळी करून ते आधी फुंकर मारून माती उडवतं, मग वाळवी आत ओढतं. माती नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेतो हा गडी! एवढा सगळा जामानिमा मुठीएवढ्या वाळवीसाठी. आवाज दीडशे पावलांवर स्पष्ट येत होता. वारा त्याच्याकडून आमच्याकडे होता म्हणून त्याला पत्ता नव्हता. पाठीवरचे लांब केस लाल मातीने माखलेले, पुढच्या पायाची पांढरट नखं वारुळाच्या भिंतीत रुतवून ढेकूळ खेचायचं, मग पुन्हा फुंकर.

मग वारा फिरला. आवाज थांबला. अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहिलं आणि नाक वर करून डोलायला लागलं. छातीवरचा पांढरा नाल उन्हात स्वच्छ दिसला. उभं राहिलं म्हणजे अंगावर येणार असं लोकांना वाटतं. ते वास घेत असतं. पण आमच्या दृष्टीने भेट संपली होती, कारण त्याने काम सोडलं होतं. काका उठले नाहीत, बसल्या बसल्याच मागे सरकले, झुडपाआड गेल्यावर उभे राहिले आणि मोठ्याने खाकरले. आपण कुठे आहोत आणि कुठे चाललोय हे त्याला कळू दे, म्हणून. पाठ फिरवून धूम ठोकली असती तर काय झालं असतं ते मी सांगायला नको. थोड्या वेळाने फुंकर पुन्हा ऐकू आली. काकांनी टोपली परत आणली नव्हती; संध्याकाळी नातू जाऊन घेऊन आला. फुलं अर्थातच गायब.

तिसरी भेट मी डोळ्यांनी पाहिलेलीच नाही, आणि विचारलंत तर सगळ्यात पक्की लक्षात राहिली ती हीच. शहादा तालुक्यात ऊसतोड चालू होती. फडाच्या शेवटच्या काही सऱ्या राहिल्या होत्या आणि कोयता थांबला, कारण पाचटात बिबट्याचे दोन बछडे निघाले. बिबट्याच्या मादीला ऊस म्हणजे उंच, दाट, पाणी असलेलं आणि वर्षभर कुणी न हलवणारं रान. तिला तोडीची तारीख कुठे ठाऊक! आम्ही वनविभागाच्या लोकांसोबत पोचलो तोवर दोनशे माणसं आणि दोनशे मोबाइल. एका पोराने बछडा शर्टात गुंडाळून घेतला होता. डोळे उघडलेले, निळसर, पण चालताना मागचे पाय वाकडेतिकडे पडत होते, म्हणजे तीन-चार आठवड्यांचे असावेत. गरम अंग, ओलसर दुधाचा वास, आणि मांजराच्या पिलाला शोभणार नाही असं रुंद पंजाचं गादीदार तळवं.

बछडे सापडले की लोकांना वाटतं आई सोडून गेली, आता यांना प्राणिसंग्रहालयात पाठवा. आई सोडून गेलेली नसते. ती दिवसा शेजारच्या फडात गप्प पडून सगळं ऐकत असते. माणसाचा हात लागला की आई पिलू टाकते, हाही समज चुकीचा. तुमच्या सी लायनच्या किनाऱ्यावरही हेच चालतं. आई मासे मारायला समुद्रात जाते, पिलू खडकावर एकटं ओरडतं, आणि दयाळू पर्यटक त्याला पाण्यात ढकलतात किंवा टॉवेलमध्ये गुंडाळून गाडीत घालतात. आई परत येऊन आवाजावरून आणि वासावरून पिलू ओळखते, पण ते जागेवर असलं तर.

म्हणून जागा महत्त्वाची. ज्यांचा ऊस होता त्या आजींना आम्ही विनंती केली की तेवढ्या सऱ्या आज तोडू नका. मुकादम तयार नव्हता, कारण गाडी भरायची होती. आजींनी त्याला गप्प केलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "यास्नी माय यी का भाऊ?"

म्हटलं, "यी. तिले हाईच जागा मालूम शे."

केळीच्या मालाचं प्लास्टिकचं कॅरेट आणलं. बछड्यांच्या अंगावरच्या गोचिड्या काढल्या, खाली पाचट अंथरलं आणि जिथे सापडले बरोबर तिथेच दोघांना ठेवून कॅरेट आईला सहज पाडता येईल असं तिरकं टेकवलं. शेजारच्या बांधावर खुंटाला कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला. खरं काम त्यानंतरचं होतं: गर्दी हटवणं. पोलिसांचा एक शिपाई, एक वनरक्षक आणि आजी. आजींचाच आवाज जास्त चालला. अंधार पडला तसे आम्ही रस्त्यावर, अर्धा किलोमीटरवर जाऊन बसलो. शेतातला दिवा बंद, टॉर्च बंद. काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. एक टिटवी मधेच ओरडली, एवढंच.

सकाळी कॅरेट आडवं पडलेलं होतं, रिकामं. कॅमेऱ्यात फोटो क्रमाने आले होते. आधी नुसतं पाचट. मग कडेला दोन डोळे. मग बराच वेळ काही नाही. मग ती कॅरेटपाशी, मान खाली, मिशा पुढे. पुढच्या फोटोत बछड्याची मानगूट तिच्या तोंडात आणि त्याचे चारही पाय पोटाशी आखडलेले. पाऊण तासाने दुसऱ्यासाठी पुन्हा आली, आणि या वेळी तिने थेट कॅमेऱ्यात पाहिलं होतं. आजींनी तो फोटो मोबाइलवर घेतला आणि उसाची राहिलेली तोड दोन दिवसांनी केली. मुकादम अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

बाकीच्या झटपट सांगतो. मुक्ताईनगर तालुक्यातल्या डोलारखेडा-वढोदा भागात वाघ आहेत, आणि ते केळीच्या बागांतून फिरतात. मेच्या ४५ अंशांत केळीची बाग गार, ओली, आणि रानडुकरांनी भरलेली; वाघाला अजून काय हवं. पूर्वेकडे हे जंगल अंबाबरवा अभयारण्य आणि मेळघाटाशी जोडलेलं आहे, म्हणून ते येतात. मी तिथे वाघ पाहण्यापेक्षा ठसे जास्त पाहिलेत: ठिबकच्या नळीशेजारी ओल्या मातीत, नळी न तुडवता टाकलेलं पाऊल. तिथल्या बऱ्याच शेतकऱ्यांना वाघाची तक्रार नसते, डुकरांची असते. वाघ आहे तोवर घड शाबूत, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब कुठल्याही व्याख्यानापेक्षा टिकाऊ आहे असं माझं मत.

धुळ्याकडच्या माळावर ठेलारी मेंढपाळांसोबत लांडगा बघावा. कळपाला समांतर, टेकाडाच्या पलीकडून, आपल्या चालीने चाललेला. मेंढपाळाला तो कुठे आहे हे माहीत असतं आणि लांडग्याला मेंढपाळ कुठे आहे हे. दोघंही कामात. बाहेरून गाडी घेऊन त्याच्यामागे लागणारे हौशी फोटोवाले तेवढे या हिशेबात बसत नाहीत.

तुमच्या वर्गात शेतकऱ्यांची पोरं जास्त असतील, म्हणून बिबट्याबद्दल थोडं घरगुती बोलतो. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात एका बिबट्याने माणसं मारली आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली, हे पोरांनी घरी ऐकलेलं असणार. भीती खोटी नाही. पण बहुतेक बिबटे कुत्री, डुकरं, शेळ्या यांवर जगतात आणि माणूस उभा दिसला की वळतात. अडचण येते ती वाकलेल्या माणसाची आणि लहान मुलाची. शेतीला वीज रात्री मिळाली की पाणी द्यायला रात्री जावं लागतं, आणि बारं मोडायला, म्हणजे पाणी दुसऱ्या सरीत वळवायला माणूस खाली वाकतो. त्या उंचीला तो माणूस वाटत नाही. म्हणून रात्री पाणी धरताना मोबाइलवर गाणी मोठ्याने लावा, जोडीने जा, लांब काठी आणि चांगली बॅटरी ठेवा, पोराला सोबत नेऊ नका. समोर आलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, हात वर करून मोठ्याने बोलत मागे सरकायचं. विहिरीत पडला किंवा घरात शिरला तर दार लावा, वनविभागाला फोन करा आणि गर्दी जमू देऊ नका. बिबट्याने केलेल्या जखमा मी पाहिल्यात त्यातल्या बऱ्याच त्याला चारी बाजूंनी घेरल्यावर झालेल्या होत्या.

आता सहल. दिवाळीला नेऊ नका. पाऊस नुकताच संपलेला असतो, गवत छातीएवढं, पानं गच्च, पाणी जागोजागी असल्यामुळे जनावर एका पाणवठ्यावर येत नाही. पोरं दिवसभर चालतील आणि माकडं पाहून परत येतील. साप मात्र भरपूर असतात, त्यातही घोणस, आणि चपला घातलेल्या चाळीस पोरांना गवतातून फिरवायची जबाबदारी मी तरी घेणार नाही. यावल अभयारण्य बघायचंच असेल तर फेब्रुवारीत पाल गावी मुक्काम करा. वनविभागाची परवानगी आधी काढा, सोबत स्थानिक वाटाड्या घ्या, आणि पोरांना वाघाचं आश्वासन देऊ नका. विष्ठा, ठसे, झाडावरची अस्वलाच्या नखांची ओरबाड, हे दाखवा. आठवीची पोरं विष्ठेत केस सापडले की वाघ विसरतात.

पण पहिलीच सहल असेल तर मी हतनूर सुचवेन, डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत. भुसावळ-वरणगाववरून तापीच्या धरणापर्यंत बस जाते. पाण्यावर चक्रवाक असतात, मोठी लालसरी असते, आणि नशिबाने साथ दिली तर मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखाडी हंस. ते काठच्या गवतात चरतात. पोरांना पाच-पाचच्या टोळ्या करून काठाने सोडा आणि एकच नियम द्या: एका हंसाने मान वर केली की सगळ्यांनी थांबायचं, आणि निम्म्या थव्याने केली की दहा पावलं मागे यायचं. कोणती टोळी थवा न उडवता जास्त जवळ पोचते ते तुम्ही वहीत लिहा. सकाळी साडेसातच्या आत काठावर असा, नऊनंतर मासेमारीच्या होड्या निघतात आणि थवे मधल्या पाण्यात जातात. भडक टी-शर्ट नकोत, बूट हवेत, डबे घरून आणा. दुर्बिणी आमच्याकडे आहेत, पण कमी; तीन पोरांत एक पुरवावी लागेल. तारीख आठवडाभर आधी कळवा, म्हणजे स्टँडवरचा मोठा टेलिस्कोपही घेऊन येतो.